न मोजलेली बुरशी

१२ मार्च

सही केली. मोजणी न करता.

कारखान्यात ट्रायकोडर्माची पावडर ठेवतो त्या खोलीतला एसी तीन दिवस बंद होता. कुणाच्या लक्षातच आलं नाही. ही आपल्या कामाची बुरशी — मातीतल्या रोगाच्या बुरशीला खाऊन टाकते, पण स्वतः जिवंत असली तर! नमुना काचेच्या बशीत पेरून, किती जिवंत उगवते ते मोजायला चार दिवस थांबायला हवं होतं. गाडी दारात उभी. मागच्या खेपेचा आकडा दाखल्यावर उतरवला आणि झाले मोकळी.

१५ मार्च

त्यातलीच दोन पाकिटं बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, नेली, त्यांच्या टोमॅटोच्या रोपवाटिकेसाठी. कंपोस्टमध्ये स्वतः कालवून वाफ्यांत घातली. शेजाऱ्यांना सांगत होते, औषध घरचं आहे, सुनेच्या हातचं.

मी हसले.

२ एप्रिल

रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होताहेत. आठांतले सहा वाफे गेले. बाबा गुडघे टेकून एकेक रोप उपटत होते, मुळं बघत होते. म्हणाले, "माझंच प्रमाण चुकलं असेल गं."

मी होकारार्थी मान हलवली. मान हलवली मी!

३ एप्रिल

राखून ठेवलेला नमुना बशीत पेरला. आता.

७ एप्रिल

बशी कोरी. हिरवा ठिपका औषधालाही नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. पाकिटं परत मागवताहेत, सहीचं काम माझ्याकडून काढलं. तिथे जीभ उचलली. घरी उचलत नाही.

१० एप्रिल

बाबा हल्ली वहीत सगळं टिपतात — पाणी दिलं, दार लावलं, गोळी घेतली. तरी पुन्हा जाऊन बघून येतात. आज मला हळूच विचारलं, "पावडर मी खरंच कालवली होती ना, की नुसतं वाटतंय?"

नवरा म्हणतो, वय झालं, विसरायला लागलेत, रोपवाटिका बंद केलेली बरी. नणंदेनं फोनवर त्याचीच री ओढली. मी भाजी चिरत राहिले.

११ एप्रिल

बाबांनी आपणहून रोपवाटिकेची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. आता माझ्यावर विसंबू नका, म्हणाले.

चाळीस वर्षं चालवली होती त्यांनी ती जागा.

१२ एप्रिल

सांगितलं. चहाच्या वेळी, नवऱ्यासमोर. पावडर मेलेली होती, न मोजता सही मी केली.

नवरा उठून बाहेर गेला. बाबा आता काय बोलतील ते ऐकायला मी मान खाली घालून उभी. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे… मी काही विसरलो नव्हतो?"

"नाही, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच रडले — सुटका झाल्यासारखे.