आधी काकाचं वावर

बाबा, मी तुमच्यावर अजून जळतो. मेलेल्या माणसावर कोणी जळत नसतं, पण मी जळतो.

त्या साली साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला. मग पावसाची झड लागली, तण मातलं. एकदाची उघडीप मिळाली, तर तुम्ही तण काढायला बैलांचा डवरा घेऊन निघालात काकाच्या वावरात. काका तापानं फणफणला होता ना! मी बैलांपुढे आडवा उभा. "आधी आपलं वावर डवरा, बाबा. पानी आला मंग?" तुम्ही कासरा ओढत म्हणता, "तो पडून हाय. आपन तं उभे आहो." आणि पाऊस आलाच. आपलं पीक तणानं खाल्लं. पाऊस सरल्यावर त्या गेलेल्या पिकात तुम्ही तण निंदायला बसलात, वर गुणगुणत. मी चिडलो, "आता काहून निंदून राहिले?" तर म्हणे, "झाड उभं हाय तोवर निंदा लागते. बोंड येवो का न येवो."

काकाचं वावर पांढरंशुभ्र झालं. अकोल्याला गाड्या भरून गेल्या, येताना बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. माझं पोट दुखत होतं, आणि तुम्ही त्या शिंगांवरून हात फिरवत होतात, "झकास दिसून राहिले बा." तेही मनापासून. पुढे लढाई सरली, भाव पडले, शेंब्या विकल्या गेल्या. काकावरची माझी जळजळ तिथंच विझली. तुमच्यावरची नाही विझली. एवढं राबायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, हे तुम्हाला कुठून जमलं? शेत दिलंत, बैल दिलेत, हे तेवढं का नाही दिलंत?

यंदा काकाचा पोरगा तापानं पडला. मीही आधी त्याचंच वावर डवरलं. गाव म्हणालं, बापावर गेला. पण डवऱ्याच्या प्रत्येक तासाच्या टोकाला थांबून मी माझ्या वावराकडे बघत होतो, ते कोणाला दिसलं नाही.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून लिहितो. परवा अवकाळी पाऊस झाला. काकाच्या पोराचा फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडला. माझा उशिरा डवरलेला, अजून बोंडातच होता, वाचला. मी त्याच्या वावराच्या धुऱ्यावर उभा राहून हळहळलो, त्याला धीर दिला. मग घरी येऊन जेवायला बसलो. कितीतरी दिवसांनी भाकर गोड लागली.