अध्यक्षांचे नासके दूध परत केल्याबद्दल माफी न मागणेबाबत

प्रति,
मा. गुणनियंत्रण अधिकारी,
सहकारी दूध संघ, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : संकलन केंद्रावरील किटली प्रकरणी मागवलेला माफीनामा देण्यास नकार.

संदर्भ : आपले पत्र, केंद्रास सोमवारी मिळालेले, सोबत माफीनाम्याचा तयार मसुदा.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही सदर केंद्रावर गेली एकोणीस वर्षे दूध तपासनीस आहे. किटलीचे झाकण उघडून दुधाचा वास घेणे, संशय आल्यास थोडे दूध परीक्षानळीत तापवून पाहणे आणि मगच ते सामाईक टाकीत ओतू देणे, हे तिचे काम. अर्जात स्वतःला 'अर्जदार' म्हणावे असे केंद्राच्या सचिवांनी सुचवले होते. परंतु नाक माझे आहे, म्हणून यापुढे मी 'मी' असेच लिहिते.

२. गेल्या महिन्याच्या चार तारखेस सकाळी सहा वाजता केंद्राच्या अध्यक्षांची किटली आली. ते स्वतः सोबत होते. ते माझे धाकटे दीर लागतात, ही बाब त्यांच्या तक्रारीत नमूद करायची राहून गेलेली दिसते. मी झाकणाला हात घालताच ते म्हणाले, "वहिनी, घरचंच दूध आहे. वास कसला घेताय?" मी घेतला. दूध आंबूस होते. नळीत तापवले तर फाटले, आणि रांगेतल्या चौघींनी ते पाहिले. मी म्हणाले, "भावोजी, कालचं उरलेलं यात मिसळलंय. हे टाकीत जाणार नाही." त्यावर ते हळूच म्हणाले, "चारचौघांत माझी शोभा करू नका." मी रजिस्टरात 'परत' असे लिहून पुढची किटली घेतली. एवढाच काय तो माझा गुन्हा.

३. त्याच दुपारी भावोजींची तक्रार आल्यावर आपल्या कार्यालयाने चौकशी समिती नेमली, याबद्दल मी आभारी आहे. समितीने त्याच दिवशी त्या परत गेलेल्या दुधाची बाटली भरून घेतली, तिला लाख लावली, वर तीन सह्या केल्या आणि पुरावा म्हणून ती कपाटात कुलूपबंद ठेवली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मला बोलावून, सदर दूध चार तारखेस आंबट होते काय, हे वास घेऊन सांगावे असे फर्मावण्यात आले. बूच काढायची वेळच आली नाही. ते आपले आपण उडाले आणि आवक-जावक नोंदवहीची चाळीस पाने भिजली. समितीचे एक सदस्य खिडकीकडे गेले ते परत आलेच नाहीत. अहवालात लिहिले आहे की, बाटलीतील पदार्थास दूध म्हणता येत नाही, सबब दूध आंबट होते हे सिद्ध होत नाही. महोदय, हे वाक्य मी तीनदा वाचले. दूध ही काय कपाटात ठेवून पिकवायची वस्तू आहे?

४. आपल्या पत्रात असेही म्हटले आहे की, यापुढे पदाधिकाऱ्यांच्या किटलीचा वास घ्यावयाचा झाल्यास चोवीस तास आधी लेखी पूर्वसूचना द्यावी. दिली असती. पण सूचना हाती पडेपर्यंत ते दूध थांबेल, याची हमी कोणी देत असेल तर त्याचे नाव कळवावे.

५. माझ्या कृतीने 'संघाच्या संस्थापिकांच्या प्रतिमेस बाधा पोहोचली' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. मोठ्या बाईंचा फोटो आपल्या पत्राच्या डोक्यावर छापलेला असतो, म्हणून त्या आपल्याला ठाऊक आहेत असे आपण धरून चालला आहात. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. शहरातल्या तान्ह्या मुलांना पाणचट दूध मिळत होते आणि इकडे व्यापाऱ्याची गाडी आली नाही की चांगले दूध गटारात जात होते. नऊ बायकांना घेऊन त्यांनी बंद पडलेल्या गोदामात पहिली टाकी बसवली. आज देशभर अशा हजारो टाक्या आहेत, परदेशी दूधभुकटीचे डबे दुकानांतून गेले, आणि ज्याची गाय त्याचीच डेअरी, हे शेंबडे पोरसुद्धा सांगते. पण टाकी सगळ्यांची एक. एका किटलीने दोनशे घरांचे दूध नासते. म्हणून तपासनीस सभासदांनी निवडावा आणि झाकण उघडल्यावर त्याच्यावर कोणाचा हुकूम चालू नये, हा नियम बाईंनी स्वतः घातला.

६. म्हातारपणी बाईंनी दोन गाई पाळल्या होत्या. दूध घालायला बाई स्वतः आमच्याच केंद्रावर, रांगेत उभ्या राहत. मला कामावर लागून तिसरा महिना होता, आणि एका सकाळी त्यांचीच किटली आंबूस लागली. मी झाकण लावले, उघडले, पुन्हा लावले. तेव्हा बाईंनी स्वतः किटलीत नाक घातले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. लिही की, घाबरतेस काय?" मला लिहवेना, तर त्यांनीच रजिस्टर ओढून आपल्या नावापुढे 'परत' लिहिले आणि भरली किटली उचलून घरी गेल्या. मागच्या बायका फिदीफिदी हसत होत्या. बाईही हसत होत्या. त्यांच्या प्रतिमेला तेव्हा काही झाले नाही.

७. घरचे म्हणाल तर, सासूबाईंनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या धाकट्याच्या घरी जाऊन केंद्राकडे निघालेली किटली हुंगून आल्या आणि मला म्हणाल्या, "चहा टाक." त्यांनी समिती नेमली नव्हती.

८. मला राग आलेला आहे, हे लपवत नाही. भीतीही वाटते. हे काम गेले तर पहाटे उठून मी करू काय, हे मला सुचत नाही. तरीही आपण सांगता तसे सकाळच्या रांगेसमोर उभे राहून आपला मसुदा वाचून दाखवणे मला जमणार नाही. तो एकदा वाचला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या नाकाला कोण विचारतो?

तरी विनंती की, मला कामावरून कमी करावयाचे असल्यास खुशाल करावे. मात्र आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' असे मोघम लिहू नये. 'हिने अध्यक्षांचे नासके दूध परत पाठवले' असे, टाईप करून, ठळक अक्षरांत, आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहावे. मी तो कागद काचेच्या चौकटीत घालून केंद्राच्या दारावर लावीन. दोनशे घरे रोज सकाळी तिथूनच आत येतात.

आपली नम्र (माफीपुरती नव्हे),
दूध तपासनीस, संकलन केंद्र

दिनांक : १७, सकाळचे संकलन आटोपल्यावर

सोबत : माफीनाम्याचा मसुदा, सहीविना परत.