दारावरून परत

सोमवार, ५ जानेवारी
जिंतूरला सुखरूप पोचलो. खोली लहान, पण दार उगवतीला आहे. कोनाड्यात खंडोबाचा टाक मांडला, दाराशी माठ आणि तांब्या ठेवला. दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा आईचा नेम मी अजून पाळतो.

काम सोपं आहे. योगीराजशेठच्या दुकानात फळीवर ओळीनं मोबाइल लावलेत. जाहिरात दिसली की बोट लावायचं, पान उघडायचं, जरा थांबून परत फिरायचं. मग मोबाइलवरचं विमानाचं चित्र दाबून सोडलं की जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला वाटतं, नवाच माणूस आला. मेंढरांमागं उन्हात फिरण्यापेक्षा बरं. संक्रांतीला बायकोला, कासाबाईला, पालमहून इकडं बोलावलं आहे. घरी ती एकटीच असते.

गुरुवार, ८ जानेवारी
सगळे मोबाइल एकाच जाहिरातीवर. पाथरीच्या सत्यशीलाबाई गोधड्या शिवतात. पान उघडलं की त्या दारात हात जोडून उभ्या दिसतात, वर लिहिलेलं, 'या, बसा.' खाली, 'पसंत पडलं नाही तर आमचं काय चुकलं ते सांगा.' आपण बोट लावलं की त्यांचे पैसे कटतात. दुपारीच पैसे संपून जाहिरात बंद पडते, मग शेठला पैसे देणाऱ्या दुसऱ्या गोधडीवाल्याचा माल वर दिसतो.

मी म्हटलं, बाई बसा म्हणते आणि आपण न बोलता उठून जातो, हे बरं नाही. शेठ हसले, "पाव्हणे, तुमाला काय जेवाय बोलावलंय का तिनं?"

शनिवार, १० जानेवारी
जेवायला बसलो तर दार वाजलं. तांब्या घेऊन उघडलं, कोणी नाही. घास घेतला, पुन्हा वाजलं. पुन्हा कोणी नाही. भाकरी गार झाली. शेजारच्या पोरांच्या नावानं ओरडलो. त्यांची आई म्हणाली, पोरं मामाच्या गावाला गेलीत. उगाच बोलून बसलो.

मंगळवार, १३ जानेवारी
सत्यशीलाबाईंची जाहिरात आता येतच नाही. शेठनं पेढे वाटले. मला खाववेना. काम सोडून आलो.

दार वाजतंच आहे. खालच्या फटीतून सावली दिसते. येते, जरा थांबते, परत फिरते. आम्ही थांबायचो तेवढीच. उठून उठून कंटाळलो. आता उघडणार नाही. देवा, नेम मोडतोय.

कासाबाईला येऊ नको म्हणालो. ऐकत नाही. लाडू बांधून झालेत म्हणे.

बुधवार, दुपार
वाजलं. उठलो नाही. बराच वेळ वाजलं.

कासाबाईचा फोन. दारातच उभी आहे म्हणते.

उघडलं. कोणी नाही. उंबऱ्यावर तिची पिशवी. तिळाचे लाडू, पिशवीच्या बंदांना अजून हाताची ऊब—

लावलं. वाजलं. उघडलं. कोणी नाही.

पुन्हा फोन. रडतेय. "तुमी दार उघडायलाव, माज्याकडं बघायलाव अन् लावून घ्यायलाव. माजं काय चुकलं?"

दार सताड उघडं ठेवलंय. उंबऱ्यात बसून लिहितोय. या, बसा म्हणतोय. फोन बंद झाला—

पायरीवर सावली. तांब्या पुढं धरलाय. थांबली आहे. कासा, पाणी तरी— फिरू नको— जरा—