दादाचे ठोके

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण खिडकी एवढी ऐसपैस की आईने बघितली असती तर आधी गाद्या उन्हात टाकल्या असत्या. काम दातांच्या लॅबमध्ये. प्लॅस्टरच्या साच्यावर मेणात दात बसवायचे, तयार कवळ्या घासून चकचकीत करायच्या. मालकीणबाई बोलायला फटकळ आहेत, पण पहिल्याच दिवशी माझं टेबल उजेडाकडे सरकवून दिलं. दिवसभर समोर बत्तिशाच बत्तिशा, आणि एकही उलट बोलत नाही. असलं सुख घरी कुठलं!

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून निघताना वहिनीने दादाचं धावायचं घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. आपण कुठून कुठे गेलो त्याची रेघ ते नकाशावर काढतं आणि हृदयाचे ठोके मोजतं. दादाला जाऊन वर्ष झालं. कपाटात पडलेलं बघवत नाही म्हणाली, पण त्यातलं काही पुसू नकोस असंही बजावलं. माझ्याने तरी कुठे पुसवणार होतं? नवीन माणूस आहे का, जुन्या नोंदी पुसू का, असं घड्याळाने विचारल्यावर मी 'नाही' दाबलं. त्यामुळे त्याच्या लेखी मी चव्वेचाळीस वर्षांचा, ऐंशी किलोंचा पुरुष आहे. आज इथल्या तळ्याला एक फेरी मारली, तर तुमचा वेग फार घसरलाय म्हणतं. मेलं आगाऊ.

७ फेब्रुवारी

घासताना भुकटी आत जाते म्हणून कामावर घड्याळ काढून खिडकीत ठेवते. आज दुपारी जेवायला उठले तर त्यात धावण्याची नोंद! तीन किलोमीटर. ठोके १४८, मग १६०, मग १८१, आणि तिथे संपलं. घड्याळ तर जागचं हललं नव्हतं. दुरुस्तीवाल्याकडे नेलं, तो हसला. म्हणाला, याच्या पोटाखालचा हिरवा दिवा चकचकीत फरशीचेसुद्धा ठोके मोजतो, मनावर घेऊ नका. जीव भांड्यात पडला. पण मी ते ज्यावर ठेवलं होतं तो खडबडीत टॉवेल होता, हे घरी आल्यावर आठवलं.

११ फेब्रुवारी

रोज दुपारी तेच. तीन किलोमीटर, १८१, संपलं. आज धीर करून नकाशा उघडला. रस्ता इथला नाहीच. आमच्या घरापासून कालव्याच्या कडेकडेने निघालेली रेघ, पुलाशी तुटलेली.

दादा त्या पुलावरच पडला होता.

कुणाला बोलले नाही ते इथे लिहिते. माणूस पडला की हे घड्याळ घरच्या एका नंबरवर हाक पाठवतं. तो नंबर माझा होता. पण दादाने गादी झटकली तरी हाक, जोरात टाळी दिली तरी हाक. लांडगा आला रे आला झालं होतं नुसतं. वैतागून मी माझ्या फोनवरचा तो आवाज बंद करून टाकला. दादाला सांगितलंही नाही. त्या दिवशी हाक आली तेव्हा मी केस विंचरत होते. चाळीस मिनिटं तो तिथे एकटा पडून होता. आणि आता रोज पडतोय. रोज.

१४ फेब्रुवारी

आज बसवेना. आकडा चढायला लागला तसं घड्याळ हातात बांधलं आणि लॅबचे जिने चढत-उतरत सुटले. आकडा खाली यायला लागला! १७०. १५५. थांबले की चढायचा, पळाले की उतरायचा. तीनदा करून बघितलं. त्याच्या वाटचं मी पळायचं, एवढंच. आज रेघ पूल ओलांडून शंभर पावलं पुढे गेली. जिन्यात बसून रडले. मालकीणबाईंनी पाणी दिलं.

तिथून पुढच्या वळणाने परत घर दोन किलोमीटर. पोचवीन त्याला.

१७ फेब्रुवारी

तळ्याला सात फेऱ्या. रेघ वळणापर्यंत आली. उरलं सहाशे मीटर.

कवळीत सुळा उलटा बसवला. बोलणी खाल्ली. इथल्या डॉक्टरांनी मनगट धरून ठोके मोजले, चेहरा बदलला त्यांचा. मध्येच एखादा चुकतोय म्हणाले, आता जिनासुद्धा चढायचा नाही. घड्याळात मात्र ४६. तो दादाचा आहे, बसलेला असतानाचा.

१८ फेब्रुवारी

वहिनीला फोन केला. सगळं सांगितलं, बंद केलेल्या आवाजासकट.  रागावली नाही ती, तेच जास्त लागलं. म्हणाली, पुसून टाक ते, जाऊ दे त्यांना, तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू. उद्या पहिल्या गाडीने येते म्हणाली.

पुसायला बोट ठेवलं. दाबवलं नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळ

आज लवकर निघालाय. १६९. छाती धरूनच धावले, तळ्याकडे नाही, खालच्या रस्त्यावर, वर-खाली, वर-खाली — चारशे मीटर — दोनशे —

खोलीत आले. डावा हात बधिर. लिहिते उजव्याने.

पोचला! रेघ दाराशी. ९०. ७२. ४६. घरी पोचला माझा दादा.

रेघ हलत नाही. उभा आहे दारात.

वहिनी तर इकडे निघाली. कुलूप लावून.

फोन लावला, लागत नाही — गाडीत असेल —

५८.

वळला. अरे, नको. तिथेच थांब, पायरीवर बस, येईल ती —

१२०. पुन्हा कालव्याकडे. १५५. दादा, माझ्याने उठवत नाही रे, मी आता —

१७४. पूल आ