तीस आकडे, एका पायावर

प्रिय दीपू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, एका पायावर तीस आकडे पूर्ण होतात का, आणि मी हो म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण सगळंही सांगितलं नव्हतं.

चैत्रात दारापुढचं खळं सारवताना मी घसरून पडले, तेव्हा तू मला ठाण्याला न्यायलाच आली होतीस. मी हट्ट धरला म्हणून तू अट घातलीस, वृक्षासनात आधाराशिवाय तीस मोजेपर्यंत उभी राहा, मग खुशाल मालवणात एकटी राहा. पहिले आठ दिवस पडवीचा खांब सोडवत नव्हता. नजर पोफळीवर ठेवली तर वाऱ्याने पोफळ हलायची आणि तिच्यासोबत मीही. मग फाटकाच्या कडीवर नजर लावली आणि पाय ठरला. शेजारची सुभद्रा माडाची झापं विणायला आपल्याच पडवीत बसते. ती हसायची, "बाईनू, बगळ्यासारख्या उभ्या ऱवलात, मासो गावतलो काय?" तिला तिसरीत उजळणी मीच शिकवली. तिलाच काय, एकतीस वर्षं साऱ्या वाडीला.

गेल्या महिन्यात मी अशीच उभी राहून मोठ्याने मोजत असताना तिचे हात थांबले. हळूच म्हणाली, "बाईनू, सतरा तीनदा झाले." मला वाटलं, थट्टा करते. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मोजत बसली. सोळा, सतरा, आणि पुढचा आकडा मला सापडेना. मी पुन्हा सोळावर यायची. पाय मात्र जराही हलत नव्हता. शेवटी तिनेच उठून माझा हात धरला. "पुरे आता बाईनू, साठ झाले."

त्यानंतर रोज करून पाहिलं. कधी नीट मोजते, कधी नाही. परवा गॅसवर पेज करपली. वास येत होता, पण तो आपल्याच घरातला आहे हे कळायला वेळ लागला.

तू फक्त पायाचं विचारलं होतंस, तेव्हा गप्प बसून मी इथे राहू शकले असते. पण दीपू, मला न्यायला ये. फोनवर हे सांगायला घेतलं की अर्ध्यात रडू येतं, म्हणून लिहिते आहे. एवढंच कर, वाडीत कुणी विचारलं तर आईचा तोल राहत नाही, असं सांग. ज्यांना मी पाढे शिकवले, त्यांना दुसरं काही कळायला नको. सुभद्रेला ठाऊक आहे, पण ती बोलायची नाही.

तुझीच,
आई