त्यायनं भाकर खाल्ली

सर, गेले आठ दिवस घरातला टीव्ही मी बंद ठेवला आहे, आणि माझं पोट टीव्हीवरच चालतं. तुम्ही वारलात तेव्हा मी पेपरात होते. आता एका वृत्तवाहिनीला वाशिम जिल्ह्याच्या बातम्या पाठवते. पाठवते म्हणजे फोनवर चित्रण करते आणि फोनवरूनच मुंबईला सोडते, मिनिटभरात पोचतं. तुम्ही अकोल्याच्या पेपरासाठी पाठकोऱ्या कागदावर बातमी लिहायचात, पाकीट चिकटवायचात, आणि मी दप्तरासकट पळत मंगरूळपीरच्या स्टँडवर जाऊन ते अकोल्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. एकदा गाडी चुकली तर तुम्ही म्हणालात, जाऊ दे, उद्यापर्यंत ती बातमी खोटी तर नाही होणार. वेळ वाचला आहे हे खरं. त्या वाचलेल्या वेळात आम्ही काय करतो ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि सांगताना राग येतो आहे, तेव्हा अक्षर बिघडलं तर चालवून घ्या.

मोठे साहेब गेले. आपल्याकडे सभेला येत असत तेच. वय झालं होतं, महिनाभर दवाखान्यात होते, सगळ्यांना कल्पना होती. वाहिनीला तर इतकी होती की काळी चौकट आणि मागचं बासरीचं संगीत पंधरा दिवस आधीच तयार होतं. मंगळवारी सकाळी गेले, अंत्यसंस्कार गुरुवारी दुपारी, शासकीय इतमामात. म्हणजे मधले दोन दिवस आम्हाला भरायचे होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ लावलं, अंत्ययात्रेला किती तास, किती मिनिटं, किती सेकंद उरले ते उलटं मोजणारं. चंदनाचं लाकूड कुठून येणार यावर एक जाणकार अर्धा तास बोलले. साहेबांच्या कुत्र्यानं अन्न सोडल्याची बातमी दुपारी आली, आणि संध्याकाळी तो जेवला ही त्याहून मोठी बातमी आली. बंदुकांच्या सलामीचा सराव थेट दाखवला आणि लगेच अगरबत्तीची जाहिरात, कारण त्या अगरबत्तीवाल्यांनीच अंत्यदर्शन प्रायोजित केलं होतं. शववाहिनीच्या ड्रायव्हरला विचारलं, आज ही गाडी चालवताना मनात काय भावना आहेत. तो म्हणाला, गर्दी आहे, हळू चालवावी लागंन. दोन दिवसांत आमच्या पडद्यावर तेवढं एकच धड वाक्य बोललं गेलं असेल.

मी सोमवारीच मेडशीकडे जाऊन आले होते. पावसानं सोयाबीनच्या गंजी भिजून आतून तापायला लागल्या होत्या. एका बाईनं गंजीत हात घालून मुठीत शेंगा काढून दाखवल्या, त्यांना कोंब फुटलेले. ते चित्रण मी पाठवलं होतं. मंगळवारी डेस्कवरच्या गृहस्थांचा फोन आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, स्वभावानं वाईट नाहीत, मला मॅडम म्हणतात. म्हणाले, सोयाबीन आता राहू द्या, चार दिवस दुसरं काही चालणार नाही, साहेबांचा वाशिम अँगल द्या. साहेब तुमच्याकडे एका वस्तीत एका बाईच्या घरी भाकरी जेवले होते, आमच्याकडे जुना फोटो आहे, ती बाई शोधा. आणि मॅडम, इमोशन पाहिजे.

फोन ठेवला तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी दहावीत आहे. काकू पोळ्या लाटताहेत, तुम्ही पाटावर बसून गुडघ्यावर पुठ्ठा घेऊन माझं लिखाण तपासताय. गावातले एक बडे व्यापारी वारले होते आणि ती बातमी तुम्ही मला पहिल्यांदाच लिहायला दिली होती. मी लिहिलं होतं, संपूर्ण मंगरूळपीर शोकसागरात बुडाले. तुम्ही चष्मा काढला आणि विचारलं, तू कुठून आली आत्ता? म्हटलं, दर्ग्याकडून. तिथं काय चालू होतं? मी सांगितलं, गिरणी चालू होती, बांगड्यांचं दुकान उघडं होतं, दोन बाया भाव करत होत्या. तुम्ही म्हणालात, "मंग बुडालं कोण?" काकू हसल्या, आणि मला इतकं लागलं की ताटातली पोळी मी तशीच ठेवली. तुम्ही ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, मुख्य बाजारपेठ दुपारपर्यंत बंद होती. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मला पाठकोऱ्या कागदांचं एक पॅड दिलंत, स्वतः सुईदोऱ्यानं शिवलेलं, टाके वाकडे. त्यातलं एक पान मी अजून कोरं ठेवलं आहे. हे पत्र त्यावर लिहिणार होते, पण मजकूर मावणार नाही हे पहिल्याच ओळीला कळलं.

बाई सापडली. शेलूबाजारहून जीपनं आत चार-पाच किलोमीटरवर गाव आहे, गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, तिथं. ऐंशीच्या घरातली म्हातारी, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, डोळ्यांतून सारखं पाणी गळे आणि ती पदरानं टिपत राही. मी फोन स्टँडवर लावला आणि विचारलं, माय, साहेब तुझ्या घरी जेवले होते ना? ती म्हणाली, बस, सगळं सांगतो.

आणि तिनं सगळं सांगितलं. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्यकर्त्यांनी दोन दिवस आधी निरोप दिला की साहेब तुझ्या घरी जेवणार. तिनं घर सारवलं, पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, शेजारणींकडून स्टीलची ताटं आणली. त्या दिवशी पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, ठेचा वाटला. साहेबांच्या आधी एक जीप आली. तिच्यातून डबे उतरले. कार्यकर्त्यांनी डब्यातली भाजी आणि डब्यातली भाकर तिच्या ताटात वाढली, साहेब बसले, फोटो निघाला, दोन घास खाल्ले, निघाले. तिच्या भाकरी टोपल्यात फडक्याखाली तशाच. कोणी तिला काही बोललं नाही, कोणी हाकललं नाही. फक्त टोपल्याकडे कोणी पाहिलंही नाही. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. ती म्हणाली, "त्यायनं भाकर खाल्ली, पन माही नाही खाल्ली. माह्या घरी बसून दुसऱ्याची खाल्ली. मी हे तवापासून सांगून राह्यली, ज्यानं विचारलं त्याले."

सर, अकरा मिनिटांचं ते चित्रण. इतक्या वर्षांत माझ्या हाती इतकं खरं काही लागलं नव्हतं. परत येताना जीपमध्ये मला वाटत होतं, हे तुम्हाला दाखवता आलं असतं तर. मी ते जसंच्या तसं पाठवलं, आणि खाली लिहिलं की बाई काय सांगते ते पूर्ण ऐका.

बुधवारी सकाळी ते लागलं. अठरा सेकंद. पहिल्यांदा जुना फोटो, मग पडद्यावर फुगत जाणारी एक भाकरी, चित्रातली, वाफा निघणारी. मग म्हातारी म्हणते, "त्यायनं भाकर खाल्ली." तिथं कापलेलं. त्यापुढे ती डोळे टिपते आहे, संथ केलेलं, बासरीवर. खाली पट्टी, साहेबांना भाकरी भरवणाऱ्या माउलीचा बांध फुटला. निवेदिका पांढऱ्या साडीत होती. ती म्हणाली, आज वाशिममध्ये चूल पेटलेली नाही. त्या वेळी माझ्या गॅसवर चहा उतू जात होता. दिवसभरात ते अठरा सेकंद किती वेळा फिरले ते मी मोजणं सोडून दिलं.

मी डेस्कला फोन केला. म्हटलं, बाई नेमकं उलटं सांगते आहे, हे काढा. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बाइट तिचीच आहे ना, बोलणं तिचंच? आपण काही घातलेलं नाही, फक्त काढलंय." मग म्हणाले, लोकांना आवडतंय, वर सगळे खूश आहेत, दुसऱ्या वाहिन्या त्या आजीला शोधताहेत, अजून एखादी मिळाली तर बघा. मी काय केलं? मी चिडले, आवाज चढवला, आणि मग, सर, मी बरं म्हणून फोन ठेवला. गुरुवारी चितेला अग्नी दिला तेव्हा पडद्यावर ज्वाळांच्या शेजारी लिहिलं होतं, सर्वप्रथम आमच्याकडे.

शुक्रवारी म्हातारीच्या सुनेचा फोन आला. मी कार्ड ठेवून आले होते. ती म्हणाली, बुढी जेवून नाही राह्यली, तुमी या. गेले. झालं होतं असं, की गुरुवारी सकाळी पक्षाचे लोक जीप घेऊन आले आणि म्हातारीला शेलूबाजारच्या शोकसभेला घेऊन गेले. स्टेजवर बसवलं, शाल दिली, दोन शब्द बोल म्हणाले. तिनं माइकमध्ये सांगायला सुरुवात केली की साहेबायनं माही भाकर खाल्ली नाही, तोच सूत्रसंचालकानं हलकेच माइक काढून घेतला आणि लोकांना सांगितलं, मायचा कंठ दाटून आला आहे. टाळ्या वाजल्या. परत आली तर वस्तीत बाया म्हणायला लागल्या, इतके साल तू उलटंच सांगत होती ना वं? तिच्या वेळच्या, ती जीप आणि ते डबे डोळ्यांनी पाहिलेल्या बाया आता कोणी उरल्या नाहीत. शेवटी तिचा स्वतःचा मुलगा, जो तेव्हा पाळण्यात होता, म्हणाला, टीव्हीवर तूच बोलली ना माय, तुह्याच तोंडानं.

मी गेले तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. शाल घडी घालून बाजूला. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, माह्यापाशी दुसरं काय होतं बाई, एक बोलनं होतं. मी पायांकडे पाहत उभी. मग तिनं विचारलं, "मी जे बोलली ते तुह्या फोनात हाये का अजून?" आहे म्हटलं. "मंग सगळ्यायले आयकव."

मुंबईला विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. मी विचारलं नाही. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात लोक थांबले. जयंतीला लावतात तो स्पीकर कोणीतरी आणला, मी फोन त्याला जोडला आणि चित्र भिंतीवर पडावं म्हणून गावातल्या शाळेच्या बाईंनी प्रोजेक्टर दिला. तीसेक माणसं असतील, बाया पुढे. म्हातारी पहिल्या रांगेत, सतरंजीवर, कान पुढे करून. भिंतीवर उजेड होता म्हणून चित्र फिकं दिसत होतं, पण आवाज स्वच्छ. सारवण, ताटं, जीप, डबे. टोपल्याचं आलं तेव्हा मागून एक बाई हळूच म्हणाली, मायवं. पन माही नाही खाल्ली, हे वाक्य आलं आणि मुलगा खाली मान घालून बसला. चित्रण संपलं. मग तो उठला, आईपाशी गेला, आणि चल, जेवाले चल, एवढंच म्हणाला. तिनं त्याचा हात धरून उठायला सुरुवात केली. अर्धी उठून थांबली आणि माझ्याकडे वळली.

"एवढंच होतं का वं? मले वाटलं, तू मधात काही म्हटलं होतं."

मी म्हटलं, हो माय, एवढंच.

ती गेली. बायांनी मला चहा दिला, एकीनं तर माझं कौतुक केलं, तुमच्यासारख्या पाहिजेत म्हणाली. मी चहा प्यायले. आज तुम्हाला लिहायला बसले ते खरं तर वाहिनीची गाऱ्हाणी सांगायला, आणि ती सांगून झाली. सगळी खरी आहेत, एकही वाक्य शोकसागरातलं नाही. हे कोणाला पाठवायचं नाही, त्यामुळे उरलेलंही लिहिते. त्या चित्रणात सातव्या मिनिटाला आठ सेकंद होते. त्यांत माझा आवाज आहे. माय, डोये पूस ना अजून एकडाव, आधीचं नीट नाही आलं. आणि ती बिचारी, मी सांगितलं म्हणून, पदर डोळ्यांना लावते. वाहिनीनं बासरीवर फिरवलं ते तेच. विहारात जाण्याआधी घरी बसून मी ते आठ सेकंद काढून टाकले होते.