मठातलं माझं मौन

६ मार्च. राखेचा बुधवार.
कपाळावर राख, खिडकीबाहेर बर्फ. मठाधिपती सेवेरिनो म्हणाले, उपवासकाळात प्रत्येकाने आवडीची एक गोष्ट सोडावी. मी बोलणं सोडलं. प्रार्थना तेवढ्या म्हणायच्या, बाकी ईस्टरपर्यंत कडक मौन. यामागची भूमिका जेवताना सर्वांना सविस्तर समजावून सांगितली. सूप गार झालं. ब्रदर एजिदिओ म्हणाला, "देवाची कृपा! उपवास उबाल्दोचा आणि सुट्टी आम्हाला."
हसू दे. आमचा मठ चौघांचा. मठाधिपती सदा फोनवर, ब्रदर तार्चिझिओ ठार बहिरे. म्हणजे मी गप्प बसणार तो मुख्यतः एजिदिओशीच. आम्ही दोघं एकाच वर्षी डोंगर चढून इथे आलो. स्वयंपाक त्याच्याकडे, आणि तेव्हापासून रोज जेवणानंतर स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून भांडतो. त्याला फार जड जाणार. मी आतून भक्कम आहे.
शिवाय: कॉफीत साखर बंद. रोज एक चिंतन लिहायचं. ईस्टरपर्यंत पुस्तक तयार.

९ मार्च.
मौन उत्तम चालू. पाववाल्या नुन्झियाताबाईंशी फाटकात थोडं बोललो, पण त्यांच्या सुनेचा विषय होता. दुःखी माणसाचं सांत्वन मौनभंगात धरत नाहीत. मांजराशी बोललो, तेही लॅटिनमध्ये.
कॉफीत मध घालतो. बाप्तिस्मा देणारा संत योहान रानात मधच खात असे.
चिंतन: शीर्षक झालं.

१५ मार्च.
दुपारी एजिदिओ माझ्या खोलीच्या दारात. "अरे, दोन मिनिटं आहेत का तुला?" मी ओठांवर बोट ठेवलं आणि क्रूसाकडे दाखवलं. तो म्हणाला, "ते दिसतंय रे. पण तरी." मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गेला होता.
मोहावर सरळ सरळ विजय. मग संध्याकाळपर्यंत करमेना. हवेचा परिणाम.

२२ मार्च.
बर्फ वितळतंय. एजिदिओ बागेच्या बाकावर धापा टाकत बसला होता. जिने चढताना हल्ली तीनदा थांबतो. कांदे सोलून सोलून माणूस सुस्तावतो. मी शेजारी बसलो, पाठ जरा वळवून. तो म्हणाला, "यंदा वाटाणे तुलाच पेरायला लागणार, बघ." म्हणजे कामही माझ्याच गळ्यात! उत्तर जिभेवर आलं होतं, आणि फार सुंदर होतं. गिळलं.
खोलीत आल्यावर ते भिंतीला म्हणून दाखवलं. भिंतीला मजा कळली नाही.

३० मार्च.
मठाधिपतींनी बोलावलं. म्हणाले, "एजिदिओ खाली पेस्काराला जायचं म्हणतोय. तुम्ही जाणार का त्याच्याबरोबर?"
पेस्कारा! समुद्र, आइस्क्रीम, तळलेले मासे. ऐन उपवासकाळात! माझी परीक्षा चालली आहे हे तात्काळ ओळखलं. मान ठाम हलवली: नाही.
"नक्की ना ब्रदर? नीट विचार करा."
आणखी ठाम हलवली. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बहुधा नवशिक्यांचा गुरू म्हणून मला नेमायचा विचार असावा. सध्या नवशिके नाहीत, पण तयारी हवी.

८ एप्रिल.
एजिदिओ पुन्हा आला. या वेळी दार लावून घेतलं. तो बाहेरून म्हणाला, "उघडू नकोस हवं तर. नुसतं ऐक. उबाल्दो, मला एकट्याला तिथे..." पुढचं ऐकू येऊ नये म्हणून मी स्तोत्र म्हणायला लागलो. मोठ्याने. शेवटचं कडवं दोनदा.
गप्प झालो तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. इतकी शांतता लाभायला पुण्य लागतं. दार उघडून पाहिलं, बोळात गार वारा होता.

१४ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.
झावळ्या घेऊन मिरवणुकीत आम्ही तिघंच. एजिदिओची जागा रिकामी. सर्दी असणार. मसूर तार्चिझिओंनी शिजवले. करपले.
फाटकात नुन्झियाताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काल नेलं की हो त्यांना. पेस्काराला, म्हाताऱ्या ब्रदर लोकांच्या घरी. हृदय थकलंय, या डोंगरावरची आणखी एक थंडी सोसणार नाही म्हणे डॉक्टर. तुम्हाला ठाऊक नाही? गाडी निघताना तुमच्या खिडकीकडे बघत होते."
मी तेव्हा चिंतन लिहीत होतो. म्हणजे झोपलो होतो.
येईल आठवडाभरात. त्याला तिथलं जेवण आवडायचं नाही.

१८ एप्रिल.
मौन थोडं मोडून मठाधिपतींना विचारलं, एजिदिओ कधी येतोय? ते म्हणाले, "तो आता तिथलाच झाला. समोरासमोरच्या दोन खोल्या मिळत होत्या. त्याला एकट्याने जायचं नव्हतं, तुम्ही बरोबर हवे होतात. मी तुम्हाला विचारलं, दोनदा. तुम्ही दोनदा नाही म्हणालात."
"दुसरी खोली?"
"दिली कुणाला तरी."
मी म्हणालो, माझी इथे फार गरज आहे. ते म्हणाले, "हो ना."

२१ एप्रिल. ईस्टर.
घंटा वाजल्या, मौन संपलं. मिस्साची प्रार्थना झाल्यावर पेस्काराला फोन लावला. एका सिस्टरने उचलला. मागे हशा, टेबलावर पत्ते आपटल्याचे आवाज. एक हसू ओळखीचं. म्हटलं, उबाल्दोचा फोन आहे म्हणून सांगा. ती जाऊन आली. "डाव संपला की करतो म्हणाले. त्यांच्या समोरच्या खोलीतले ब्रदर हरतायत ना, हे फारच रंगात आलेत." आणि मग, "काही महत्त्वाचं होतं का?"
म्हटलं, छे, सहज.
फोनपाशी बसून राहिलो. सांजप्रार्थनेला गेलो ते फोनच्या खोलीचं दार उघडं ठेवून. डाव लांबला असावा.
रात्री कोकराचं मटण. मठाधिपती प्रेमाने म्हणाले, "बोला ब्रदर, आता बोला मनसोक्त." दोघंही माझ्याकडे बघत होते. मीठ मागितलं. ते माझ्यासमोरच होतं.